बरणी रिकामी होती

६ जानेवारी

निवड यादीत माझं नाव आलं त्याला आज एकोणीस दिवस झाले. कनिष्ठ लिपिक. नेमणुकीचं पत्र अजून यायचं आहे. आधी कागदपत्रं, मग वैद्यकीय तपासणी, मग पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. तेवढ्यासाठीच ही वही सुरू केली. पत्र हातात पडेपर्यंत लिहून ठेवायचं, म्हणजे कुठं चूक झालीच तर कधी झाली ते सापडेल.

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. हे लिहिताना थांबले, कारण आबा, माझे वडील, दुसरीपर्यंत गेले होते. पण ते स्वतःच म्हणतात, "मी शाळंत गेलतो, शाळा माझ्यात गेली न्हाय." तेव्हा पहिली म्हणायला हरकत नसावी.

आज बरणीला गिऱ्हाईक आलं. गेली दोन वर्षं परीक्षेचा अभ्यास करता करता मी घरातल्या आणि भावकीतल्या जुन्या वस्तू फोनवरच्या अ‍ॅपवरून विकते. पितळी स्टोव्ह, कोळशाची इस्त्री, फिरकीचे तांबे. ही अकरावी वस्तू. आईच्या माहेरची चिनीमातीची बरणी, खाली पांढरी, वर तपकिरी. कुठंही टवका नाही. घेणाऱ्या बाई नाशिकच्या आहेत, पूर्णिमा गायधनी. त्यांनी लिहिलंय: "अगदी अशीच बरणी माझ्या सासूबाईंची होती. माझ्या हातून फुटली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. आता त्या नाहीत. यंदा लिंबाचं लोणचं अशाच बरणीत घालायचं आहे."

मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "सासूसाठी कोण असं लिवतंय आजकाल? चांगल्या घरची हाय बाई."

८ जानेवारी

पार्सल बांधलं. सगळ्याचा व्हिडिओ काढला, सात मिनिटांचा. बरणी चारी बाजूंनी दाखवली, उलटी करून दाखवली, आत हात फिरवून दाखवला आणि मोठ्यानं म्हटलं, "बरणी रिकामी आहे." झाकण वेगळं गुंडाळलं. खाली-वर थर्माकोल, मध्ये फुग्यांचा कागद, कोपऱ्यात वर्तमानपत्राचे बोळे. खोक्याला टेपचे तीन वेढे. मग आबांच्या पेंडीच्या काट्यावर ठेवून वजन दाखवलं: चार किलो शंभर ग्रॅम. आबा म्हणाले, "ह्या काट्यावर म्हशीची पेंड मोजतोय मी, त्याला पण फोटोत घेतलं व्हय?"

आई दाराशी उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "क्रांते, रिकामीच धाडणार?"

"मग काय भरून?"

"आगं, कायतरी घालावं. रिकामं भांडं धाडत्यात व्हय कुणी?"

"आई, हा आहेर न्हाय, विक्री हाय. यादीत जे लिहिलंय तेवढंच जायला पाहिजे."

ती आत वळली. अशा वेळी तिला समजावत बसण्यापेक्षा काम उरकलेलं बरं. खोका बाहेरच्या सोप्यात ठेवलाय. उद्या सकाळी कुरिअरला देणार.

९ जानेवारी

कुरिअरच्या काउंटरवर वाद झाला. त्यांच्या काट्यावर पाच किलो शंभर दाखवलं. मी म्हटलं, घरी चार शंभर होतं, माझ्याकडं व्हिडिओ आहे. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमचा काटा म्हशीचा, आमचा कॉम्प्युटरचा." मागं रांग होती. मी जादा पैसे दिले, पण पावतीवर वजन नीट लिहून घेतलं. हे लोक काट्यात मारतात असं ऐकलं होतं, आज बघितलं. बरोबर एका किलोनं मारायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

टेपचा रोल संपत आलाय. परवाच तर आणला होता.

१३ जानेवारी

बरणी फुटली.

पूर्णिमाताईंचा निरोप आला, सोबत चार फोटो. खोका बाहेरून धड आहे. आत बरणीचे सात-आठ तुकडे. त्यांनी लिहिलंय: "फारच वाईट वाटलं. आत गुळाची मोठी ढेप होती, तीच आपटून फुटली असणार. चिनीमातीच्या भांड्यात असं जड काही ठेवू नये हो. आता काय करू या?"

मी पाच वेळा वाचलं. गूळ? फोटो मोठा करून बघितला. तुकड्यांत खरंच तपकिरी दगडासारखं काहीतरी आहे, आणि हिरवट रंगाचं फडकं, कुणाच्याही घरात असतं तसं.

मी लगेच उत्तर दिलं नाही. घाईत काही लिहायचं नाही हा माझा नियम आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला शेजारच्या बायका येऊन गेल्या, माझं लक्ष नव्हतं.

जेवताना मी घरात सांगितलं. "बरणीत गूळ होता म्हणतात. आपल्या घरातनं गूळ गेलाच न्हाय. व्हिडिओ आहे माझ्याकडं. म्हणजे त्या बाईनं बरणी स्वतः फोडली आणि वर ही गोष्ट रचली. व्हय की न्हाय?"

आबा म्हणाले, "आपण कशाला ठेवतोय गूळ?"

आई भाकरी उलटायला उठली. मी म्हटलं, "असलं करणारी माणसं अडाणी नसतात आई, शिकलेली बदमाश असतात. अशांना पोलिसांत द्यायला पाहिजे." ती म्हणाली, "एवढं लांबपतूर जातंय व्हय हे?" मी म्हटलं, जातं. मग तिची भाकरी करपली. तिची भाकरी करपलेली मी कधी बघितली नव्हती.

संध्याकाळी उत्तर लिहिलं, चार वेळा खोडून. "बरणी पाठवताना रिकामी होती. व्हिडिओ जोडत आहे. पार्सल सील केल्यावर आमच्या घरात कुणीही हात लावलेला नाही, हे मी खात्रीनं सांगते. तुमच्या फोटोतल्या वस्तूंशी माझा संबंध नाही."

१६ जानेवारी

त्यांनी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवलाय. कात्री, टेप कापली, खोका उघडला, वरचा थर्माकोल काढला, आणि आत तुकडे, गूळ, फडकं. मध्ये कुठंही कॅमेरा थांबलेला नाही. लिहिलंय, "बाळ, मी खोटं कशाला बोलू? तुझ्या वयाची मुलगी आहे मला."

मला बाळ म्हणायचं काही कारण नाही.

मी तो व्हिडिओ वीस वेळा बघितला असेन. एकविसाव्या वेळी सापडलं. खोक्यावर टेपचे वेढे सहा आहेत. मी तीन दिले होते. म्हणजे त्यांनी आधी उघडलं, गूळ घातला, पुन्हा टेप मारली आणि मग व्हिडिओ काढला. त्यांनी अ‍ॅपवर पैसे परत मागितलेत, तेव्हा मी दोन्ही व्हिडिओंतले फोटो शेजारी लावून त्यावर लाल गोल केले आणि अ‍ॅपवाल्यांना पाठवले. मन हलकं झालं. सत्य कुठंतरी दिसतंच, आपण नीट बघायला पाहिजे.

आई आज जेवली नाही. पित्त झालंय म्हणते.

१९ जानेवारी

जुन्या भांड्यांची आवड असणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, मीही त्यात आहे. तिथं पूर्णिमा गायधनींनी लिहिलंय. माझं नाव, गाव, फोटो, सगळं. "या मुलीकडून काही घेऊ नका. फुटकी बरणी पाठवली, वजन भरायला आत गूळ घातला, आणि विचारलं तर मलाच खोटं ठरवते." खाली त्र्याऐंशी जणांची मतं. एकानं लिहिलंय, कोल्हापूरची माणसं अशी नसतात हो, ही कोण निघाली.

पडताळणीसाठी पोलीस शेजारीपाजारी विचारतात म्हणे. हे त्यांनी वाचलं तर?

मी त्यांना लिहिलं. जे लिहिलं ते जसंच्या तसं इथं उतरवते: "तुमच्या वयाचा मान ठेवून इतके दिवस गप्प होते. बरणी फोडून, गूळ कोंबून, एका गरीब घरातल्या मुलीकडून पैसे उकळणाऱ्या बाईला सासूची आठवण काढायचा अधिकार नाही."

पाठवल्यावर वाटलं, शेवटचं वाक्य नको होतं. पण खोटं तर नाही.

२२ जानेवारी

अ‍ॅपवाल्यांचा निकाल आला. माझ्या बाजूनं! "विक्रेत्यानं सादर केलेला पुरावा ग्राह्य." टेपचे वेढे त्यांनी मानले. मी आबांना गोठ्यात जाऊन सांगितलं. आबा म्हणाले, "शिकल्याचा उपयोग झाला बघ." त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली, जणू तिनंच केस जिंकली.

आईला सांगितलं तर तिनं विचारलं, "मग त्या बाईला पैसं न्हाय मिळायचं?"

"कशाला मिळतील? खोटारडी आहे ती."

"बरणी बी गेली आन पैसं बी गेलं."

"आई, तू कुणाच्या बाजूनं हायस?"

ती म्हणाली, "मी कुणाच्या बाजूनं असणार," आणि धार काढायची वेळ झाली म्हणून गेली. धारेला अजून तास होता. ती अलीकडं अशीच करते, विषय निघाला की उठते. भांडणतंटा तिला सोसत नाही. गालफडं बसलीत. माझ्या नोकरीची काळजी तिनं माझ्यापेक्षा जास्त घेतलेली दिसते.

२७ जानेवारी

पोलीस ठाण्यातून फोन. हवालदार चौगुले. "क्रांती जोतीराम खाडे तुम्हीच न्हवं? पावणं, गंमत बघा. आज माझ्या टेबलावर दोन कागद आलेत. एक तुमच्या पडताळणीचा आन एक नाशिकवरनं तक्रार अर्ज, ऑनलाइन फसवणूक. दोन्हीवर एकच नाव. म्हटलं, ही बाई एकच हाय का दोन?"

मी म्हटलं, एकच.

"मग पुढच्या सोमवारी या. तुमचं म्हणणं लेखी आणा. काय असतील ते पुरावे आणा. तक्रार निकाली निघाली तर पडताळणी निघाली."

"तक्रार खोटी आहे, साहेब."

"असंल की. कागदावर आणा."

हजर व्हायची शेवटची तारीख पंधरा फेब्रुवारी. पडताळणीचा दाखला नसेल तर पुढच्या नंबरच्या उमेदवाराला घेतात. यादीत माझ्या खाली एकशे बारा जण आहेत. मला सगळ्यांचे गुण पाठ आहेत.

आबांनी आईला सांगितलं. ती चुलीपुढं बसून राहिली. दूध ऊतू गेलं, दिसत होतं, तरी उठली नाही.

२९ जानेवारी

आज काय झालं ते क्रमानं लिहिते. नाहीतर लिहिता येणार नाही.

सकाळपासून फाइल तयार करत होते. पुरावा एक, माझा व्हिडिओ. पुरावा दोन, कुरिअरची पावती. पुरावा तीन, टेपचे वेढे. प्रत्येकासमोर एका ओळीत माहिती लिहायची होती. पुरावा एकसमोर लिहिलं, "वजन ४ किलो १०० ग्रॅम." पुरावा दोनसमोर लिहिलं, "वजन ५ किलो १०० ग्रॅम."

दोन्ही ओळी एकाखाली एक होत्या.

नऊ तारखेला, कोल्हापुरातच, माझ्या हातातून जाताना पार्सल एका किलोनं जड होतं. नाशिकला पोचायच्या आधी. काटा मारला असं मी इथंच या वहीत लिहिलंय. मागची पानं उलटली. टेपचा रोल. "रिकामीच धाडणार?" मग फोन घेऊन फोटोतलं फडकं मोठं केलं. हिरवं नाही ते. पोपटी आहे, कडेला बारीक पिवळी रेघ. आईचं पातळ. तिनं फाडून त्याचे तुकडे केलेत. एक चुलीजवळ असतो, एक भाकरीच्या पाटीखाली. मी रोज त्यानं हात पुसते.

आई मागच्या परड्यात शेणी थापत होती. मी विचारलं, "बरणीत गूळ कुणी ठेवला?"

तिनं हात थांबवले नाहीत. म्हणाली, "मी."

"कधी?"

"पाटेचं. तू निजलीवतीस." आणखी एक शेणी थापली. "शेजारीण ताक न्यायला तांब्या घिऊन आली तर परत मोकळा जातोय व्हय? चार दाणं तरी घालतोय आपण. ही तर माझ्या माहेरची बरणी. आन बाई सासूसाठी जीव टाकणारी. मोकळी कशी धाडू? म्हटलं, उघडंल, गूळ बघंल, तिला बरं वाटंल. मी फडक्यात गुंडाळलता की. मऊ फडक्यात."

"मग सांगितलं का न्हायस? इतके दिवस?"

"सांगणारच हुते संक्रांतीला. तू म्हटलीस, ज्यानं केलं त्याला पोलिसात देणार." मग माझ्याकडं बघितलं. "मला वाटलं, मी सांगितलं तर तुझी नोकरी जाईल. न्हाय सांगितलं तर ऱ्हाईल. तुझ्यातलं मला काय कळतंय?"

मी काय बोलले ते लिहिते, कारण वही त्यासाठीच आहे. मी म्हटलं, "तुझ्या अडाणीपणापायी माझं आयुष्य गेलं." ती हात धुवायला गेली. शेणाचे हात होते, तिनं ते खूप वेळ धुतले.

३० जानेवारी

आबांचं म्हणणं, गप्प बस. "निकाल आपल्या बाजूनं हाय. ती बाई नाशकात. कोण बघाय आलंय, गूळ कुणाचा? तुझा व्हिडिओ तर खराच हाय न्हवं?"

व्हिडिओ खरा आहे. त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. बरणी रिकामी होती. त्याच खऱ्या व्हिडिओनं मी एका बाईला खोटारडी ठरवलं, आणि तिनं मला बाळ म्हटलं होतं.

मी आबांना म्हटलं, मी खरं लिहून देणार.

"तुझं तू बघ. आईला मात्र ठाण्याची पायरी चढाय लावू नको."

मी म्हटलं, तिनं केलंय ते तिनंच सांगितलं पाहिजे. हे नियमाला धरून आहे. आबा वैरण आणायला गेले.

आज दिवसभर मी आईशी बोलले नाही. तिनं माझं ताट वाढून ठेवलं होतं.

१ फेब्रुवारी

काल पूर्णिमाताईंचे पैसे परत पाठवले, कुरिअरच्या खर्चासकट. सोबत सगळं लिहिलं. आई, गूळ, रिकामं भांडं न देण्याची रीत, वजन, माझी चूक. माफी मागितली. सासूबाईंच्या वाक्याबद्दल वेगळी मागितली.

आज उत्तर आलं.

"पैसे मिळाले. बाकीचं वाचलं. दोन आठवडे तू शपथेवर सांगत होतीस की तुमच्या घरात कुणी हात लावला नाही. आता पोलिसांचा फोन आल्यावर आई आठवली. खेड्यातली साधी आई आणि तिचा गूळ, चांगली गोष्ट आहे. ज्या मुलीनं मला ते वाक्य लिहिलं, ती आईच्या नावानं काहीही लिहू शकते. अर्ज मी मागं घेणार नाही. मला पुन्हा लिहू नकोस."

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की संपतं.

मी फोन आईला दिला नाही. तिनं विचारलं, "काय म्हटली बाई?" मी म्हटलं, पैसे पोचले म्हणाली. आई म्हणाली, "बरणीचं लई वाईट वाटलं आसंल तिला."

३ फेब्रुवारी

ठाण्यात अकराला बोलावलं होतं, आम्ही सव्वादहालाच पोचलो. आबा आले नाहीत. आईनं लग्नकार्यातलं लुगडं नेसलं होतं. बसमधून उतरल्यापासून ती एकच विचारत होती, "आधी माझं नाव विचारतील का तुझं?" ठाण्याच्या पायरीशी तिनं चपला काढल्या. मी म्हटलं, हे देऊळ न्हाय, घाल. ती म्हणाली, "असू दे." आणि बाहेरच्या बाकावर अगदी कडेला बसली, दुसऱ्या कुणाची जागा असल्यासारखी.

हवालदार चौगुले पन्नाशीचे आहेत. माझी दोन पानं त्यांनी सावकाश वाचली.

"अक्षर झ्याक हाय तुमचं. लिपिक शोभताय." मग पान उलटून पुन्हा मागं आले. "पण हे काय लिवलंय? गूळ आईनं ठेवला?"

"हो साहेब. तेच खरं आहे."

"मग हे कोण लिवलंय?" त्यांनी नाशिकहून आलेल्या कागदांतला एक काढला. माझंच उत्तर होतं, छापून आलेलं. "‘आमच्या घरात कुणीही हात लावलेला नाही, हे मी खात्रीनं सांगते.’ खात्रीनं. आन आता आई?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"समदी असंच म्हणत्यात, पावणं. तीस वरसं ऐकतोय. अंगाशी आलं की कुणाचा धाकला भाऊ असतोय, कुणाची आई. म्हाताऱ्या माणसाला कोण काय करतंय म्हणून त्यांच्यावर ढकलायचं." ते चिडून बोलत नव्हते. कंटाळलेले होते. "माझं काय न्हाय. तुम्ही म्हणताय तर आईचा जबाब घ्यावा लागंल. अर्जात फसवणूक लिवलंय. कुणी केली, का केली, इचारावं लागंल. कुठं हायत त्या?"

"बाहेर."

"बोलवा."

मी दारापर्यंत गेले. आई बाकावर तशीच बसली होती. तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ती उजव्या हाताचा अंगठा पदरानं पुसत होती. पुसायची, उलटासुलटा करून बघायची, पुन्हा पुसायची. शाईसाठी असावं. कागदावर ठसा स्वच्छ उठला पाहिजे म्हणून.

मी किती वेळ दारात उभी होते ते सांगता येत नाही. आतून आवाज आला, "बोलवताय न्हवं?"

मी परत येऊन खुर्चीवर बसले. म्हटलं, "साहेब, त्यांना नको बोलवायला. गूळ मीच ठेवला होता."

चौगुल्यांनी पेन खाली ठेवलं. "आन ही दोन पानं?"

"ती खोटी आहेत. व्हिडिओ काढून झाल्यावर मीच खोका पुन्हा उघडला. बाईंना भेट म्हणून गूळ ठेवला. बरणी फुटल्यावर घाबरले आणि नाही म्हणाले."

त्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा गेला. "हां. आत्ता कसं खरं बोललात! आधीच बोलला असता तर नाशिकच्या बाईला एवढा ताप झाला असता व्हय?"

त्यांनी माझी दोन पानं बाजूला सारली आणि स्वतःच्या हातानं जबाब लिहिला. सहा ओळी झाल्या. एका ओळीत "भीतीपोटी खोटी माहिती दिली" असं आहे. मी वाचून सही केली. या वहीत मी एकही खोटी ओळ लिहिलेली नाही. पोलिसांच्या कागदावर माझ्या सहीनं सहा आहेत.

"पडताळणीचं काय होईल, साहेब?"

"पैसे परत केलेत, भेट दिलेली, फसवायचा हेतू दिसत न्हाय. तक्रार बहुतेक निकाली निघंल." त्यांनी कागद फाइलला लावले. "पण खोटी माहिती दिली हे तुम्हीच लिवून दिलंय. ते मला पुसता येत न्हाय. त्याच्यावर वरचे साहेब काय शेरा मारतील, मी कसं सांगू? पंधराच्या आत तर काय व्हायचं न्हाय, एवढं सांगतो. आशा धरून बसू नका."

मी बाहेर आले तशी आई उठून उभी राहिली, अंगठा दुमडून मुठीत धरलेला.

"जाऊ आत?"

"नको. झालं."

"झालं? मला न्हाय बोलावलं?"

"गरज न्हाय म्हणाले."

तिनं चपला घातल्या. फाटकापर्यंत माझ्या मागून आली. मग विचारलं, "माझं नाव कुठं लिवलं?"

"तुझं नाव कुठंच न्हाय आई."

"मग कुणाचं लिवलंस?"

समोरून आमच्या गावाकडची, कळंब्याची बस येत होती. मी हात केला. बस थांबली, तिला आधी चढवलं, आणि मागून चढताना दोन तिकिटं मागितली. ती खिडकीशी बसली आणि पुन्हा म्हणाली, या खेपेला हळू, "क्रांते, कुणाचं लिवलंस गं?"